हायवेकडची भिंत

दानम्माचा आवाज एके काळी साऱ्या उचगावात ठाऊक होता. अंगणात उभं राहून तिनं नवऱ्याला हाक मारली की शेजारचा केरबाच आधी 'ओ' द्यायचा. माहेर तिचं संकेश्वरकडचं. ती कानडीत भांडायची, मराठीत समजूत घालायची, आणि दोन्ही कामं एकाच पट्टीत करायची.

२००१ साली तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, गाठही साधी निघाली. पण आवाजाची नस त्या गाठीला चिकटलेली होती आणि ती सोडवताना दुखावणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. उरला तो नुसता श्वासाचा आवाज. चुलीवर फुंकर घालावी तशी ती बोलायची. बंद खोलीत, समोर बसून, कान देऊन ऐकलं तर शब्द कळत. एरवी ओठ हलताना दिसत, बास.

तिचा नवरा बसलिंगाप्पा. शहरातल्या लक्ष्मीपुरीत त्याचं पत्र्याचं आणि खिळ्यामोळ्यांचं दुकान होतं. आता ते मुलगा शशिधर बघायचा आणि बायकोमुलांसह दुकानाच्या माडीवरच राहायचा. उचगावच्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. घरापुढं फरशीचं लहानसं अंगण, समोरासमोर दोन कडाप्प्याचे बाक, कोपऱ्यात जास्वंद. खाट टाकली तर पाय ठेवायला जागा उरू नये एवढीच ती जागा. पण लग्न झालेल्या दोन माणसांनी रोज संध्याकाळी समोरासमोर बसायला तेवढी पुरते. दिवेलागणीआधी चहा घेऊन दोघं तिथं बसत आणि कानडीत बोलत. पोरांसमोर मराठी, दुकानात मराठी, बाकावर कानडी, असा त्यांचा रिवाज होता.

घर बांधलं तेव्हा हायवे होता, पण दुपदरी होता. दोन ट्रकांच्या मध्ये एखादी गोष्ट सांगून व्हायची. मग रस्ता चौपदरी झाला. कडेची मोठी झाडं गेली, भराव उंच झाला, आणि पुण्या-बंगळूरची सगळी रहदारी अंगणाच्या तोंडाशी आली. नेमकं तेव्हाच दानम्माचं बोलणं फुंकरीवर आलं होतं.

आत बसायचं म्हटलं तर ऑपरेशनपासून तिला घरात कोंडल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी तर आत थांबायचीच नाही. मागच्या बाजूला केरबाच्या म्हशी आणि शेणाचा ढीग. म्हणजे अंगणाशिवाय गती नव्हती. बसलिंगाप्पानं एक पाटी आणून दिली, लिहून सांग म्हणाला. पण दानम्मा शिकली ती कानडी शाळेत, चौथीपर्यंत. आणि बसलिंगाप्पाला कानडी बोलता यायची, वाचता यायची नाही. तिनं एकदा पाटीवर काहीतरी लिहून दाखवलं, त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं. दुसऱ्या दिवशी पाटी जास्वंदीच्या कुंडीखाली गेली.

सुरुवातीला तो "काय?" म्हणून विचारायचा. ती पुन्हा सांगायची. तो पुन्हा "काय?" म्हणायचा. तिसऱ्या वेळी तिचा गळा कोरडा पडायचा, डोळ्यांत राग यायचा आणि ती कपबशी उचलून आत निघून जायची. असं चार-सहा वेळा झाल्यावर त्यानं विचारणं सोडून दिलं. तिचे ओठ हलले की मान डोलवायची, 'हं' म्हणायचं. मान डोलावली की ती बसून राहायची, आणि ती बसून राहिली की त्याला बरं वाटायचं. आपण काय कबूल करतोय याचा त्यानं फारसा विचार केला नाही. म्हातारपणी बायको विचारून विचारून काय विचारणार? भाजी कुठली आणू, एवढंच.

तरी मनात कुठंतरी खटकत होतं. आयुष्यभर माल विकला, त्यात गिऱ्हाइकाचं ऐकल्याशिवाय मान हलवली नव्हती.

आधी त्यानं कुंपणाला गोणपाट बांधलं, दुहेरी. आवाज जिथल्या तिथं. मग केरबा म्हणाला, "बसाण्णा, झाडं लावा की. झाडं आवाज खात्यात." तेही केलं. अशोकाची रोपं लावली, वर्षभर पाणी घातलं. ती पुरुषभर वाढली. हिरवी दिसायची, धूळ अडवायची, पण एअर हॉर्न पानांतून सरळ आत यायचा. मग त्यानं आपल्या धंद्यातलं औषध काढलं. दुकानातनं पत्रे आणले आणि रस्त्याच्या बाजूनं लोखंडी खांबांना ठोकले. पहिला ट्रक गेला तसा पत्रा थरथरला. दुसरा गेला तसा वाजायला लागला. कंटेनर गेला तेव्हा दानम्मानं दोन्ही हातांनी कान झाकले.

केरबा कुंपणाशी येऊन उभा राहिला. "बसाण्णा, ह्यो काय तमाशाचा फड मांडलाय व्हय? आता नुसती बाई नाचायची ऱ्हायली."

"ऱ्हाऊ दे रे," बसलिंगाप्पा म्हणाला. आठवड्याभरात त्यानं पत्रे उतरवले. पत्र्याच्या दुकानदारानं घराला पत्रा लावून काढावा, याचं हसू पुढं बरेच दिवस गल्लीत चाललं.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातनं सुष्मिता उतरली.

सुष्मिता ही त्यांची थोरली मुलगी. सहा वर्षं ती या घरात आली नव्हती. विद्यापीठात शिकताना तिनं प्रसेनजीतशी लग्न ठरवलं होतं. प्रसेनजीत कळंब्याचा, बौद्ध घरातला. बाप जयसिंग पाणीपुरवठ्यात फिटर. पोरगा शिकलेला, पुढं बँकेत लागला. बसलिंगाप्पानं नकार दिला. दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, आणि या घरात सुष्मिताचं नाव काढायचं नाही असं ठरलं. ठरवलं ते बसलिंगाप्पानं. दानम्माचा आवाज त्या काळी शाबूत होता, तरी त्या बाबतीत तो फारसा चालला नव्हता.

सुष्मिताच्या मागोमाग प्रसेनजीत उतरला, त्याच्या कडेवर चार वर्षांची मुलगी, दीक्षा. बसलिंगाप्पा बाकावरून उठला तो तसाच उभा राहिला.

"अप्पा," सुष्मिता मोठ्यानं म्हणाली, कारण मागनं टँकर चालला होता, "अव्वानं फोनवर कुजबुजून बोलावलं. तुम्ही व्हय म्हणालासा म्हणून आलो!"

बसलिंगाप्पानं बायकोकडं पाहिलं. दानम्मा नातीला जवळ घेत होती, तिनं वर बघितलंच नाही. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कधीतरी, कुठल्यातरी ट्रकच्या मागं किंवा पुढं, तिनं विचारलं होतं. आणि त्यानं मान डोलावली होती.

आता 'मी व्हय म्हटलं न्हवतं' असं म्हणायचं झालं तर ते ओरडून म्हणायला हवं होतं. रविवारची सकाळ, केरबाची बायको तानाबाई कुंपणापलीकडं भांडी घासायला बसलेली. बसलिंगाप्पा म्हणाला, "बसा."

ते बसले. तिघं एका बाकावर, दोघं दुसऱ्यावर. पण बोलणार काय आणि कसं? दीक्षा कुठल्या शाळेत जाते, हे ओरडून विचारता येतं. बँकेत कुठल्या शाखेत, हेही येतं. सहा वर्षांचं काही ओरडून बोलता येत नाही. दानम्मा लेकीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होती, सुष्मिता "आं? आं?" करत होती. प्रसेनजीतनं एकदा तोंड उघडलं, "माझ्या वडलांना तुम्ही..." एवढं म्हणाला, आणि उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, स्पीकरवर गाणं लावून गेला. तो जाईपर्यंत प्रसेनजीत गप्प झाला होता.

दीक्षानं कानांवर हात ठेवले. "मम्मी, घरी जाऊया."

चहा झाला आणि ते गेले. जाताना सुष्मिता म्हणाली, पुन्हा येऊ. कधी ते म्हणाली नाही.

बसलिंगाप्पानं कपबशा गोळा केल्या. राग यायला हवा होता, तो नीटसा येत नव्हता. पोर कानांवर हात ठेवून गेली, हे मात्र त्याच्या मनातनं जाईना. रस्त्यानं ती माणसं हाकलून लावली, असं त्यानं स्वतःशी ठरवलं. रस्त्याला दोष देणं सोयीचं होतं.

दिवाळीनंतर त्यानं भिंत घालायला काढली. आकाराम गवंडी म्हणाला, वीट लावू की काँक्रीटचे ब्लॉक? बसलिंगाप्पा म्हणाला, जे जड असेल ते. पत्र्यानं त्याला एवढं शिकवलं होतं की हलकी वस्तू आवाज अडवत नाही, स्वतःच वाजते. भिंत रस्त्याच्या बाजूनं सरळ आली आणि दोन्ही टोकांना आत वळली. बाकावर बसून हायवेवरच्या ट्रकचा टपही दिसू नये इतकी ती उंच घेतली.

केरबाला ती पसंत पडली नाही. "वारं अडलं की बसाण्णा! आन् तुमी बसलासा का न्हाई, कुणाला कळणार? पयलं येताजाता हात वर करायचो."

"दार हाय की. ये आत."

"दार ठोठावून कोण बसाय येतंय?" केरबा म्हणाला.

भिंत झाली तरी आवाज पुरता गेला नाही. फाटक जाळीचं होतं, सगळा गोंगाट तिथनं घुसायचा. ते काढून जाड फळ्यांचं केलं. भिंतीच्या तळाला पाणी जायला भोक होतं, तिथनं वाऱ्यानं शिट्टी घालावी तसा हॉर्न यायचा. त्याला आडवी वीट लावली. मग लक्षात आलं की जो आवाज भिंतीवरून येतो तो घराच्या दर्शनी भिंतीवर आपटून माघारी बाकाकडं येतोय. हे दानम्माला आधी कळलं. तिनं ट्रंकेतल्या जुन्या वाकळा काढल्या आणि दर्शनी भिंतीवर दोरीला टांगल्या. बाकही तिनंच केरबाकडून सरकवून घेतले, हायवेकडच्या भिंतीला अगदी चिकटून. तिथं बसलं की हायवे डोक्यावरून निघून जायचा. नाहीसा नव्हता झाला. लांब कुठंतरी गिरणी चालू असावी तसा ऐकू यायचा.

त्या संध्याकाळी चहा घेऊन दोघं बसली. दानम्माचे ओठ हलले आणि बसलिंगाप्पाला शब्द ऐकू आले.

"साखर जास्त झालीय," ती कानडीत म्हणाली.

एवढा खटाटोप करून पहिलं वाक्य हे ऐकायला मिळालं. त्यानं चहाचा घोट घेतला. साखर जास्त झाली होती, खरं होतं.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "सुष्मिताला बोलवायचं तू मला विचारलं होतंस?"

"विचारलं होतं."

"मला ऐकू आलं नव्हतं."

"ठाऊक आहे हो," दानम्मा म्हणाली. "ऐकू आलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. म्हणून गाडी येईपर्यंत थांबले आणि मग विचारलं."

बसलिंगाप्पानं तिच्याकडं पाहिलं. ती बशीतला चहा फुंकत होती. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं जे काही केलं ते ढोल वाजवून केलं होतं, असा त्याचा समज होता.

"आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

"आता ऐकायचं," ती म्हणाली.

उन्हाळा सुरू व्हायच्या बेताला सुष्मिता पुन्हा आली, नवरा आणि मुलीला घेऊन. फळ्यांचं फाटक बंद झालं आणि दीक्षा चकित होऊन इकडं तिकडं बघायला लागली. आजी कुजबुजत बोलते म्हणून तीही आजीशी कुजबुजत बोलायला लागली. तिला तो खेळच वाटला. दोघी जास्वंदीपाशी जाऊन बसल्या.

प्रसेनजीत बसलिंगाप्पाच्या शेजारी बसला होता. अंगानं सडपातळ, बोलणं सावकाश. त्यानं मामा म्हटलं नाही, अप्पा म्हटलं नाही, कुठलंच नातं लावलं नाही.

"मागच्या वेळी राहून गेलं," तो म्हणाला. "लग्नाआधी माझे आई-वडील इथं आले होते. बोलणी करायला. तुम्हाला आठवत असेल."

"आठवतंय."

"तुम्ही ह्या बाकावर बसला होता. त्यांना फाटकाशी उभं ठेवलंत. बोलणं होईस्तोवर उभंच. समोरचा बाक रिकामा होता."

आवाज चढलेला नव्हता. चढवायची गरजच नव्हती. एकेक शब्द स्वच्छ येत होता. हायवेवरून गाड्या जात होत्या, पण त्यांची मदत होण्यासारखी नव्हती. बसलिंगाप्पानं मान डोलावण्याची सवय झाल्यासारखी मान हलवली आणि मध्येच थांबवली.

"व्हय," तो म्हणाला. "उभं ठेवलं मी."

"वडील मागच्या वर्षी वारले."

"कळलं न्हाई मला."

"कळवलं नव्हतं." प्रसेनजीतनं कप खाली ठेवला. "हे तुम्हाला एकदा सांगायचं होतं. मला तुमच्याकडून काही नको. हिला आई पाहिजे, पोरीला आजी पाहिजे, म्हणून मी येतो. येत राहीन."

सुष्मिता खाली बघत पदराचं टोक पिळत होती. बसलिंगाप्पानं विचारलं, "तुमच्या आई येतील काय हिकडं?"

"ते तिला विचारा. तिच्या वतीनं मी नाही बोलणार."

असं म्हणून तो उठला आणि दीक्षा आजीला काय सांगतेय ते बघायला गेला.

पुढं काही दिवस बसलिंगाप्पानं ही गोष्ट कुणाजवळ काढली नाही. मग एका दुपारी धुतलेला सदरा घालून तो बसनं कळंब्याला गेला. घर विचारत विचारत सापडलं. तळ्याकडच्या अंगाला आतली गल्ली, शांत. प्रसेनजीतची आई सोनूबाई दारात बसून शेंगा फोडत होती.

"कोण पायजे पावणं?"

"मी बसलिंगाप्पा. सुष्मिताचा बाप."

"वळखलं," सोनूबाई म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "सून कामावर गेलीया. पोरगं बँकेत. दोघंबी न्हाईत."

"तुमच्याकडंच आलतो."

सोनूबाईनं सुपातलं फोलपट पाखडलं. बसलिंगाप्पा उभ्याउभ्याच बोलला. वाटेत बसमध्ये त्यानं बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं निम्मं आठवलं नाही. "तुम्ही दोघं आलतासा तवा मी बसा म्हटलं न्हाई. पाणी इचारलं न्हाई. चुकलं माझं."

"ह्ये मालकांना सांगायचं हुतं," सोनूबाई म्हणाली. "ते घरी येऊन एक शबुद बोललं न्हाईत. इस्तरीचा नवा सदरा घालून गेलतं त्या दिशी. परत कदी अंगाला लावला न्हाई. पेटीत हाय अजून."

तिनं पुढची शेंग घेतली.

"तुमची मालकीण तवा तांब्या घिऊन दारापतूर आलती. तुमी डोळं वटारलं, तशी माघारी फिरली. म्या बघितलं हुतं. मालकांनी न्हवतं बघितलं."

हे बसलिंगाप्पाला आठवत नव्हतं. खोटं आहे असंही त्याला वाटलं नाही.

"घराकडं या एकदा," तो म्हणाला.

"न्हाई यायची मी. राग म्हनून न्हाई. पाय वळत न्हाईत, बास." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "तुमच्या मालकिणीस्नी यायचं आसंल तर येऊ देत. चा घेनार काय? हितं घेनार आसला तर टाकते."

"घेतो की," बसलिंगाप्पा म्हणाला.

त्यानं चहा घेतला. उंबऱ्याजवळ एक स्टूल होतं, त्यावर तो आपणहून बसला. कप रिकामा झाल्यावर तो "येतो" म्हणाला, आणि तिनं "बरं" म्हटलं.

घरी येऊन त्यानं दानम्माला सगळं सांगितलं, तांब्याचंसुद्धा. पुढच्या सोमवारी तिनं इरकली लुगडं नेसलं, केरबाला रिक्षा आणायला पाठवलं आणि कळंब्याला गेली. परत आली ती दिवेलागणीला. त्यानंतर तिचं ते जाणं ठरूनच गेलं. सोनूबाई शब्दाला पक्की निघाली, उचगावला ती कधीच आली नाही.

शशिधरला हे आवडलं नाही. दुकानात एकदोन नातेवाइकांनी विषय काढला तेव्हा तो उचगावला येऊन बापाशी तावातावानं बोलला. बसलिंगाप्पानं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला यायचं नसंल तर येऊ नको. सुष्मिताची माणसं येणार." शशिधर दोन महिने आला नाही, मग दुकानाच्या कामानं आला.

ज्या दिवशी दानम्मा कळंब्याला असेल त्या संध्याकाळी बसलिंगाप्पा भिंतीलगतच्या बाकावर एकटाच बसे. तेव्हा केरबा येई. दार ठोठावून कोण येतंय म्हणणारा केरबा आता न ठोठावता सरळ फाटक ढकलून आत यायचा आणि इतकी वर्षं हायवेच्या वर बोलायची सवय झालेली, त्यामुळं आल्या आल्या म्हशीच्या दुधाचं नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीचं वरच्या पट्टीत सुरू करायचा.

एकदा दानम्मा कळंब्याहून आली तेव्हा अजून उजेड होता. ती बाकावर बसली, पायातल्या चपला सरकवल्या.

"काय बोलता गं दोघी एवढं?" बसलिंगाप्पानं विचारलं.

"तिच्या माहेरचं. माझ्या माहेरचं. पोरांचं," दानम्मा म्हणाली. "ती चांगली ऐकते. मध्ये बोलत नाही."

"माझा विषय निघतो काय?"

दानम्मानं जरा आठवून बघितलं.

"नाही," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.